दौलत शिपायाची मोकळी करंगळी

उंबरभाटच्या दौलत शिपायाची नऊ बोटं नऊ माणसांना वाटून दिलेली होती. दहावी, डाव्या हाताची करंगळी, तेवढी मोकळी.

ऐकायला चमत्कारिक वाटतं ना? पण ज्यानं ग्रामपंचायतीत नोकरी केलीय त्याला विचारा, तो गालातल्या गालात हसेल. ग्रामसभा म्हटली की शंभर माणसं हवीत. वहीत शंभर सह्या-अंगठे भरले नाहीत तर सभा तहकूब. आणि उंबरभाट पडलं आंबिवली स्टेशनपासून सात किलोमीटर आत, काळू नदीच्या काठाला. पोरं कामाला कल्याण-ठाण्याला, बायका शेतावर नाहीतर वीटभट्टीवर. ठराव ऐकायला रिकामं बसलंय कोण? मग दौलतनं हजेरीची वही काखोटीला मारायची, शाईचा पॅड खिशात टाकायचा आणि दारोदार हिंडायचं. "मीराबाय, दे गो अंगठा!" वीस वर्षांपूर्वी असाच मे महिन्यात हिंडताना तो भोवळ येऊन पडला, तेव्हाचे ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "अरे दौलत, देवानं तुला दहा बोटं काय शेंगा सोलायला दिलीत?"

तेव्हापासून सुरू झालं. उजवा अंगठा मीराबाईचा. डावा तिच्या दिराचा. तर्जनी अमक्याची, अनामिका तमकीची. बोटाचा ठसा अंगठ्याचा म्हणून खपतो का, असं विचारू नका. सरकारी वहीत काय खपत नाही! आणि दौलत शेलार तसा सरळ माणूस हो. खोटं करायचं तेही नीट. ज्याचं बोट त्यालाच, दर सभेला तेच. एकदा मीराबाईच्या नावापुढे चुकून मधलं बोट उठलं, तर हा दिवसभर जेवला नाही.

करंगळी त्यानं बायकोसाठी काढून ठेवली होती. शेवंती तिचं नाव. ती ऐकून अशी भडकली की विचारू नका.

"बाकीच्यांचं तुमचं तुम्ही निस्तरा," ती म्हणाली. "माझा अंगठा मी येऊन देईन. माझ्या नावापुढं तुमचं बोट लागलं तर याद राखा."

आणि ती यायचीच. सगळ्यांच्या आधी यायची, पंचायतीच्या दाराजवळच्या माठातलं तांब्याभर पाणी प्यायची, माठाचं झाकण उघडंच टाकायची आणि मागच्या भिंतीला टेकून बसायची. "अगं, झाकण ठेव की!" दौलत दरवेळी ओरडायचा. दरवेळी ती हसायची. मग उजवा अंगठा पॅडवर दाबून वहीत उठवायची. भात कापताना विळा लागून त्या अंगठ्यावर तिरका व्रण पडलेला, त्यामुळे तिचा ठसा मधोमध चिरलेला दिसायचा. शंभरात ओळखावा असा.

चार वर्षांपूर्वी ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी खेळ खलास. आंबिवलीच्या डॉक्टरनं घरी येऊन मृत्यूचा दाखला लिहून दिला, आणि काळूच्या काठी, स्मशानातल्या करंजाखाली दौलतनं तिला अग्नी दिला. गावात कुणी वारलं की तेराव्याच्या आत दाखला आणायला लावून नोंद करून घेणारा हा माणूस. पण स्वतःच्या बायकोचा दाखला त्यानं पत्र्याच्या ट्रंकेत, तिच्या हिरव्या लुगड्याखाली ठेवून दिला. नोंद केली नाही. मतदारांच्या यादीत तिचं नाव तसंच राहिलं, दौलतच्या नावाच्या बरोब्बर खाली. यादी चाळताना ते नाव दिसलं की त्याला बरं वाटायचं. एवढंच. दुसरं कारण नव्हतं. यादीवरून हजेरीच्या वहीतही ते उतरायचं, मात्र तिच्या नावापुढे त्यानं कधी बोट उठवलं नाही. सभा झाली की तो चौकोन कोरा असायचा.

यंदाच्या एक मेला ग्रामसभा भरली. सरपंच ऋतुराज, तिशीचा गडी, पांढऱ्या गाडीतून हिंडणारा, सकाळपासून घायकुतीला आलेला. ग्रामसेविका मेघना मॅडम नौपाड्याहून उन्हातान्हाच्या आलेल्या. बारा वाजत आले तरी सह्या नव्वद.

"काका, तहकूब होऊन चालणार नाय आज," ऋतुराज दौलतच्या कानाशी लागला. "आठ दिवसांनी परत घ्यायची म्हणजे गाव जागं होईल. तुम्ही बघा ना काय ते."

गाव कशासाठी जागं होईल ते दौलतनं विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती. वही आणि पॅड घेऊन तो मागच्या खोलीत गेला आणि दार लोटलं. नव्वद सह्या, नऊ बोटं. झाले नव्याण्णव. एक कमी.

बाहेर टळटळीत ऊन. खोलीत पंखा बंद. वहीचं शेवटचं पान उघडून तो शेवंतीच्या नावाकडे बघत बसला. मग डावी करंगळी त्यानं पॅडकडे नेली. "एक डाव माफ कर गं," तो पुटपुटला. इतक्यात बाहेरून मॅडमनी हाक मारली, "दौलतकाका, झालं का?" त्यानं मान वळवून "आलो, आलो" म्हटलं आणि परत वहीकडे पाहिलं.

चौकोन भरलेला होता.

जांभळी शाई अजून ओली चमकत होती. दौलतनं आधी करंगळी पाहिली. कोरी! धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ. मग तो वहीवर वाकला. ठसा मधोमध तिरका चिरलेला होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. वही काखोटीला मारून तो बाहेर आला. दाराजवळच्या माठाचं झाकण बाजूला पडलेलं, तांब्या ओला, आणि मागच्या भिंतीपाशी, जिथे एरवी गर्दी टेकून बसते, तिथे एका माणसापुरती जागा मोकळी. तिथे कुणी बसत नव्हतं, आणि का बसत नाही हे बसलेल्यांनाही ठाऊक नव्हतं.

"गणपूर्ती झाली," मॅडमनी वाचलं. मागचं इतिवृत्त कायम, गटाराची दुरुस्ती, दिवाबत्ती, अंगणवाडीचा पत्रा. माणसं जांभया देऊ लागली. अर्धी उठून गेली. तेव्हा सगळ्यात शेवटी आले ऐनवेळचे विषय. ऋतुराजनं खिशातला कागद काढला आणि भराभर वाचला: नदीकाठच्या स्मशानभूमीतून नव्या गोदामाकडे रस्ता काढणे, स्मशान डोंगराकडच्या पडीक जागेत हलवणे. एकमताने मंजूर. चला, चहा घ्या.

दौलतनं चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. करंजाखालून रस्ता. जिथे शेवंती जळाली तिथून ट्रक जाणार, आणि त्या ठरावाची शंभरावी हजेरी तिचीच! कसला दैवाचा खेळ म्हणायचा हा? त्याला वाटलं, मीच तिला बोलावली. मी करंगळी उचलली नसती तर ती आली नसती.

त्यानंतर घरात सुरू झालं. रोज नाही. भर दुपारी, तो जेवायला घरी आला की. पहिल्यांदा दाराच्या चौकटीवर, खांद्याइतक्या उंचीवर, जांभळा ठसा. चिरलेला. त्यानं ओल्या फडक्यानं पुसला. चार दिवसांनी ओसरीवरच्या माठाच्या झाकणावर. तोही पुसला. दाराला कुलूप लावून गेला तरी तेच. आठवड्यानं ठसा फडताळावर आला, मग खाटेच्या पायावर. दौलत फारसा शिकलेला नसेल, पण तीस वर्षं सरकारी पायऱ्या झिजवलेला माणूस. ठसे कुठून कुठे चाललेत ते त्याला दिसत होतं. शेवटी एका दुपारी तो आला, तर ठसा ट्रंकेच्या कडीवर. तो त्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. पुन्हा पुसला. पुन्हा तिथेच.

"नाय देणार," तो ट्रंकेसमोर बसून मोठ्यानं म्हणाला. "तो कागद दिला की तुझं नाव काढतील. मग माझ्याजवळ राह्यलं काय?"

बाहेर माठाचं झाकण जमिनीवर पडल्याचा आवाज आला, तेवढाच.

इकडे गाव जागं झालंच. गणपूर्ती खोटी आहे म्हणून लोकांनी पंचायत समितीत तक्रार दिली, आणि जूनच्या सुरुवातीला चौकशीला विस्तार अधिकारी आले. प्रभाकर गद्रे त्यांचं नाव. निवृत्तीला आलेले, शांत, चष्मा पुसत बोलणारे. ऋतुराजनं आधीच सगळं पढवून ठेवलेलं. तक्रारीत नावं असलेले नऊच्या नऊ जण ओळीनं आले आणि "हो, आम्ही सभेला होतो" म्हणून बिनदिक्कत सांगून गेले. मीराबाईनं तर शपथ घेतली. राहिलं एक नाव.

"ही शेवंती शेलार," गद्रे म्हणाले. "तक्रारदार म्हणतात, ही बाई चार वर्षांपूर्वी वारली. पण मृत्यूनोंदवहीत हिचं नाव नाही. तोंडी सांगून मला चालत नाही, कागद हवा. शेलार, तुमच्या पत्नी ना या?"

ऋतुराजनं दौलतला कोपऱ्यात ओढलं. "काका, काकू माहेरी गेल्यात म्हणा. कागदावर त्या जित्या आहेत, कोण विचारतंय? एक माणूस कमी झालं तर ठराव पडला. आणि बोटांचं बाहेर आलं तर नोकरी तुमची जाईल, माझी नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं होतं त्याचं. जित्या आहेत, हा शब्द दौलतला इतका गोड लागला की डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत कुणी तिला जिती म्हटलं नव्हतं. एक मान हलवली की ती यादीत राहणार, त्याच्या नावाखाली, कायमची. आणि करंजाखाली डांबर पडणार.

त्यानं दाराकडे पाहिलं. माठाचं झाकण उघडं होतं. सकाळी त्यानं स्वतः लावलेलं.

"साहेब, घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

ट्रंकेच्या कडीवर ठसा होता. त्यानं तो पुसला नाही. कडी काढली, हिरवं लुगडं बाजूला केलं, दाखला घेतला आणि आला तसा परत गेला. टेबलावर कागद ठेवून म्हणाला, "वारली साहेब. चार वर्षं झाली. नोंद मी केली नव्हती. आणि या नऊ जणांतलं कुणी सभेला आलं नव्हतं. ही माझी बोटं आहेत."

ऋतुराजचा चेहरा खर्रकन उतरला. गद्रेंनी चष्मा पुसला, पॅड पुढे सरकवला. दौलतनं एकेक बोट कोऱ्या कागदावर उठवलं. नऊ ठसे वहीतल्या नऊ ठशांशी जुळले. मग करंगळी. गद्रेंनी भिंग धरलं, वहीवर, कागदावर, पुन्हा वहीवर.

"हा तुमचा नाही," ते म्हणाले. "हा अंगठा आहे. मोठ्या माणसाचा, व्रण असलेला. कोणाचा हा?"

"तिचाच, साहेब."

"अहो, आत्ताच म्हणालात ना वारली म्हणून?"

"वारली हे खरं. आणि आली हेही खरं. ती म्हणालेली, माझा अंगठा मी येऊन देईन." दौलतनं वहीतल्या ठशाकडे बोट केलं. "मला वाटलं ठरावाला आली. ठरावाला नव्हती आलेली ती. मयताचा अंगठा असल्यावर ठराव उभा कसा राहील, तुम्हीच सांगा."

गद्रेंनी भिंग बाजूला ठेवलं. मग त्यांनी अहवालात लिहिलं: सदर ठसा कोणाचा हे निष्पन्न होत नाही. गणपूर्ती नाही, सभा अवैध, ठराव रद्द करण्याची शिफारस. दाखल्यावरून नोंदीची कारवाई करण्यास सांगितलं, आणि यादीतल्या नावापुढे शेरा मारला: मयत, वगळावे. दौलत समोर उभा राहून बघत होता. त्याचं निलंबन त्याच दुपारी निघालं. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

तो घरी आला. दाराची चौकट स्वच्छ. फडताळ स्वच्छ. माठाचं झाकण माठावर, घट्ट. ट्रंकेची कडी त्यानं उजेडात धरून पाहिली, बोटानं घासून पाहिली. काही नव्हतं. सबंध घर त्यानं धुंडाळलं, खाटेखाली वाकून पाहिलं, भिंती हातानं चाचपल्या. मग त्यानं माठाचं झाकण काढून आपल्या हातानं जमिनीवर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

पाण्याला कुणी हात लावला नाही. तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा दौलत शेलार ओक्साबोक्शी रडला. "गेलीस ना गं शेवंते," म्हणाला, "आता खरी गेलीस."