पन्नासावं सत्कृत्य

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मुलींच्या गाईड चळवळीला पन्नास वर्षं झाली म्हणून तंजावुरातल्या आमच्या शाळेत मोठा थाट चालला होता. मैदानावर कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढून त्यावर पन्नास दिवे लावायचे, शेकोटीभोवती गाणी म्हणायची आणि त्याआधी प्रत्येक तुकडीनं पन्नास सत्कृत्यं करून वहीत लिहायची. गाईडची रीत अशी, की सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि कुणाच्या तरी उपयोगी पडल्यावरच ती सोडायची. आमच्या तुकडीनं रस्ता ओलांडून देऊन देऊन गावातल्या म्हाताऱ्यांना वात आणला होता. जी पन्नासावं काम करेल तीच तुकडीतर्फे शेवटचा दिवा लावेल, असं टीचरनी सांगितलं होतं. मला तो दिवा हवा होता. दुसरं काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वहीत एकोणपन्नास कामं होती आणि माझ्या स्कार्फची गाठ तशीच होती.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या घरात एक मामी एकट्याच राहायच्या. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन पुण्याकडे गेली होती. आम्ही घरात मराठी बोलत असलो तरी शाळेत लिहायला-वाचायला तमिळच शिकायचो; तिकडे ती देवनागरी शिकली आणि आईला पत्रं लिहू लागली. मामी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पत्र आलं की माझे अप्पा त्यांना वाचून दाखवत. अप्पांनी मलाही ती अक्षरं शिकवली होती, आणि तेवढ्यावर मला शिंगं फुटली होती.

त्या दुपारी पोस्टमननं मामींच्या हाती पाकीट दिलेलं पाहिलं आणि मी धावले.

"मामी, मी वाचते."

"घाई कां गो, कण्णू? सांजेला अप्पा येतील की. सावकाश वाचतील."

"मला येतं, मामी! द्या इकडे."

पत्र मी जवळजवळ ओढूनच घेतलं. तिकडची मराठी, त्यात घाईचं अक्षर, निम्मं मला कळतच नव्हतं. पाऊस, सासूबाईंचे गुडघे, धाकट्याचा दात, असं करत मी पानाच्या तळाशी आले. पाठीमागची शाई मला दिसत होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण मला ती दिसत होती. शाळेत शिट्टी वाजायची वेळ झाली होती. "सगळे खुशाल आहेत," म्हणत मी पत्राची घडी घातली आणि मामींच्या दारातच स्कार्फची गाठ सोडली.

संध्याकाळी पन्नासावा दिवा मी लावला. टाळ्या वाजल्या. तेव्हा मला लाज वाटली नाही, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पत्र आलं. या वेळी मामींनी अप्पांचं नावही काढलं नाही, थेट मला हाक मारली.

पत्र लहान होतं. 'आई, तंजावूरला गाडी थांबली तेवढा वेळ मी धाकट्याला खिडकीशी उचलून धरलं होतं. तू का आली नाहीस? रागावलीस का?'

मामी उठल्या, डब्यातून आधीचं पत्र काढलं, स्वतःच उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. वाचता येत नसलं तरी शाई त्यांनाही दिसत होती.

"हेंत काय आहे?"

मी वाचलं. रामेश्वरला जाताना मंगळवारी सकाळी गाडी दहा मिनिटं थांबेल, आम्हाला उतरता येणार नाही, परतताना वाट वेगळी आहे, आई, तू स्टेशनवर ये, नातवाला बघ. या खेपेला एकही अक्षर अडलं नाही.

त्यांनी या धाकट्या नातवाला अजून पाहिलेलं नव्हतं. त्या मला बोलतील, निदान अप्पांना सांगतील, असं वाटत होतं, खरं तर तेच हवं होतं. त्या बराच वेळ कागदावरची घडी बोटानं सपाट करत बसल्या.

"कागद आण. उत्तर लिही."

"काय लिहू, मामी?"

"रागावलें नाहीं म्हणून लिही. ताप आला होता म्हणून लिही."

"खरं काय ते लिहिते मी."

"नको. पोर आहेस तूं."

मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, ताप आला होता. मामींनी कागद हातात घेतला आणि आधी उलटून पाहिला. पाठीमागे काही नव्हतं.