‘हं’ म्हटल्याचा गुन्हा

“आजी, तुमचं शिक्षण किती?”

“चौथी.”

मोबाईलच्या पडद्यावर आमच्याशिवाय तीन चौकटी होत्या. एकीत मॅडम, एकीत सर. तिसरीत माणूस नव्हता, नुसतं नाव होतं. सर हसले.

“म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी चौथीवाल्या बाईकडून उत्तरं घेते. मॅडम, आपलं शिकवणं फुकट गेलं म्हणायचं.”

मॅडमनाही हसू आलं. ते दाबत त्या म्हणाल्या, “आजी, नीट दिसा जरा. नुसतं कपाळ येतंय.”

मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी वाकले आणि नीट दिसले. माझ्यावर हसणाऱ्यांना माझं तोंड नीट दिसावं म्हणून मी कंबर मोडून वाकले. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

माझी सून शीतल शेजारी बसली होती. तिच्यावर आरोप होता की परीक्षेत तिनं दुसऱ्याची मदत घेतली. दुसरी म्हणजे मी.

आम्ही नागापूरला एमआयडीसीच्या मागे एका खोलीत राहतो. पत्र्याचं छप्पर, पत्र्याचं दार. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, शीतल दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. मी जन्मभर एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली. आता गुडघे गेले, म्हणून घरी असते.

शीतल बारावी होऊन आमच्यात आली. पुढं शिकायचं होतं, पण कॉलेजला जायचं तर काम सुटतं. मग तिनं मोबाईलवरचं कॉलेज घेतलं. त्याला वर्ग नाही, फळा नाही. एका विषयाचे बरेच व्हिडिओ असतात. सर बोलतात, आपण ऐकायचं. व्हिडिओ पूर्ण चालला की हिरवी खूण येते, तीच हजेरी. मधेच पळवला तर खूण येत नाही. मग छोटी चाचणी. चार उत्तरांतलं एक निवडायचं. काही लिहून फोटो काढून पाठवायचं. ‘चर्चा’ नावाची एक जागा आहे, तिथं शंका विचारायची. शीतलनं एकदा विचारली होती. उत्तर आलं, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.’ त्यानंतर तिनं तिथं शंका विचारली नाही. मला विचारायला लागली.

मला काय कळणार होतं? भांडवल म्हणजे काय, घसारा म्हणजे काय. पण तिची एक सवय. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात बसत नाही. संध्याकाळी कामावरून आली की मी भाकरी थापायची आणि ती वाचायची. मी ‘हं’ म्हणायची.

हे ‘हं’ मला लहानपणापासूनचं. आमच्याकडं कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारी थांबते. म्हणते, झोपली काय गं? ‘हं’ म्हणजे मी जागी आहे, तुझं ऐकतेय, पुढं सांग. त्यात पटलं की नाही पटलं, खरं की खोटं, काही नसतं. राक्षसानं राजकन्या पळवली, हं. राजानं राक्षस मारला, हं.

शीतल म्हणायची, “आत्या, तुमी हं म्हनल्या की मला पुढचं सुचतं बगा. त्या व्हिडिओतले सर कुनाचं ऐकतच न्हाईत.”

मी म्हणायची, “त्यांना काय, पगार बोलायचा हाय. ऐकायचा न्हाई.”

ती हसायची. असं सगळं शिक्षण झालं तिचं. शेवटचं सत्र राहिलं होतं. कंपनीच्या मॅनेजरनी सांगितलं होतं, पदवी आण, तुला स्टोअरच्या टेबलावर बसवतो. दिवसभर उभं राहून तिच्या पायाच्या शिरा फुगल्यात. ती त्या टेबलाची वाट बघत होती. मीही बघत होते.

परीक्षा घरूनच होती, कॅमेऱ्यासमोर. आधी खोली दाखवायची. तिनं मोबाईल फिरवून भिंती दाखवल्या, कॉटखाली दाखवलं, मोरी दाखवली. मग पलीकडून सूचना आली, कान दाखवा. तिनं केस मागे घेतले आणि दोन्ही कान दाखवले. मी दाराबाहेर उंबऱ्याशी बसले. खोलीत कुणी नको, असा नियम. मी खोलीत नव्हते, पण आमच्या खोलीत आणि उंबऱ्यात एक पत्रा आहे. त्याला पोक आलाय, खाली फट आहे.

मी तांदूळ निवडत बसले. आत शीतल पुटपुटत वाचत होती. तिला जमतच नाही मनात वाचायला. आणि माझ्या तोंडून ‘हं’ गेलं.

कितीदा गेलं, माहीत नाही. मला कळलंही नाही. श्वास कळतो का? नंतर आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. शीतल दारात आली. तोंड पांढरं पडलेलं.

“आत्या, परीक्षा बंद झाली. खोलीत दुसरा आवाज हाय म्हनतंय.”

मी सुपातले तांदूळ चिवडत राहिले. 

मग विद्यापीठाच्या समितीची ही चौकशी आली. त्यांनी त्या मोबाईलमधून आमचाच आवाज आम्हाला ऐकवला. शीतल वाचतेय, अ अमुक, ब अमुक, क अमुक. ‘क’ संपला आणि मागून माझा आवाज. ‘हं.’

मॅडम म्हणाल्या, “बघा. पर्याय वाचला, मागून होकार आला, विद्यार्थिनीनं तोच निवडला. यात काय राहिलं?”

शीतल बोलायला लागली. “मॅडम, ते होकार न्हाई. आत्यांना सवय हाय—”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात जोडले.

“चुकलं माय. माजंच चुकलं. माफी करा. पोरीचं नुसकान नका करू.”

हे मला माझ्या आईनं शिकवलं. ती कोपरगावकडं दुसऱ्याच्या उसात खुरपायची. मालक ओरडत आला की कशासाठी ओरडतो ते ऐकायच्या आधी हात जोडायची. मला म्हणायची, आधी माफी, मग कारण. कॅन्टीनमध्येही मी तेच केलं. ताट दुसरीनं फोडलं, माफी मी मागितली. सुपरवायझर पुढं जायचा, काम टिकायचं. माफी मागायला पैसे पडत नाहीत, असं मला वाटत आलं.

मॅडम बाजूला बघून म्हणाल्या, “नोंद घ्या. कबुली दिली.”

चौकटी एकेक करून विझल्या. शीतल उठली, परात घेतली आणि पीठ मळायला बसली. भाकरीला मळतात तसं नव्हे. हाताखाली काहीतरी मारायचं असल्यासारखं.

“आत्या, तुमी माफी का मागितली?”

“सवय गं.”

“तुमच्या सवयीनं मी चोर झाले.”

ते ‘हं’ नकळत गेलं. माफी मात्र मी समजून मागितली. माझ्या तोंडून गेलेल्या दोन गोष्टींनी त्या पोरीचं शेवटचं सत्र खाल्लं. त्यातली दुसरी जास्त वाईट होती.

काही दिवसांनी विद्यापीठाकडून माफीनामा आला. सही करून पाठवला तर एकच पेपर बाद, तो पुन्हा देता येईल. नाही पाठवला तर सगळं सत्र बाद.

मुलगा म्हणाला, “कर सही अन् मोकळी हो. कागदच हाय तो. कोन वाचतंय?”

शीतल म्हणाली, “मी वाचतेय ना.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, नेहमीसारखी. “मी खाली सही करणार लिहून देते की.” मी भाकरी थापत होते. हं, म्हटलं. “परीक्षेच्या वेळी मी माझ्या सासूबाईंकडून.” हं. “उत्तरे विचारून घेतली व गैरमार्गाचा अवलंब केला.”

ती थांबली. हुंकाराची वाट बघत थांबली.

माझ्या तोंडून ‘हं’ निघेना.

मी जन्मभर सगळ्याला हं म्हटलंय. मालकाला, मुकादमाला, सुपरवायझरला, नवऱ्याच्या माराला. आत ओढलेला श्वास बाहेर यायला तयार नव्हता. तव्यावरची भाकरी करपली. वास सुटला, तरी मी उठले नाही.

“न्हाई,” मी म्हटलं. “हे खोटं हाय.”

शीतलनं उठून करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, “सगळं सत्र जाईल, आत्या.”

“जाईल. सही तुजी हाय, तुजं तू ठरव. पन माजी माफी मी परत घेनार. मला त्या बाईशी बोलायचंय.”

मुलगा चिडला. “तू आधीच लई बोलली हायस. आता तरी गप बस.”

त्याचं खरंच होतं. तरी मी गप बसले नाही.

शीतलनं मेल केला आणि पुन्हा चौकशी लागली. त्याच चौकटी. या वेळी मी वाकले नाही. शीतलला सांगितलं, डबा कॉटवर ठेव, मोबाईल उंच कर.

मी म्हटलं, “मॅडम, मागच्या बारीला मी माफी मागितली. ती मी परत घेते. माज्या सुनंनं कायबी विचारलं न्हाई. मी कायबी सांगितलं न्हाई. मला येतच न्हाई ते. तुमीच हसला हुता ना, चौथी म्हनून? मग चौथीवाली उत्तरं कशी सांगंल? दोन्ही कसं खरं?”

सर म्हणाले, “आजी, विषय सोडून बोलू नका.”

“विषयच बोलते. मी सगळ्यालाच हं म्हनते. तुमी तेवढं एकच हं ऐकलं. पयल्यापासून लावा. दुसऱ्या प्रश्नांत अ ला बी हं असंल, ब ला असंल, चुकीच्या उत्तराला बी असंल. पुरं ऐका.”

“पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायची पद्धत नाही. सिस्टीम संशयास्पद भाग काढून देते, तेवढाच आम्ही तपासतो.”

“मंजी मशीननं ऐकलं आन् तुमी मशीनचं ऐकलं. मानसानं कुनीच ऐकलं न्हाई?”

मॅडमनी काहीतरी दाबलं. शीतल हळूच म्हणाली, “आत्या, त्यांनी तुमचा आवाज बंद केला.” मी बोलतच होते. पडद्यावर माझं तोंड हलत होतं आणि तिकडं काही पोचत नव्हतं. असं मला कुणी गप केलं नव्हतं. मालकही शिवी द्यायचा, पण माझं रडणं त्याच्या कानावर जायचं.

मॅडमनी शीतलला विचारलं, “माफीनामा देताय की नाही?”

“न्हाई,” शीतल म्हणाली. “मी चोरी केली न्हाई.”

सत्र बाद झालं. स्टोअरच्या टेबलावर दुसरी मुलगी बसली. शीतल पॅकिंगला उभी राहते, संध्याकाळी पाय भिंतीला वर लावून पडते. मी तेल चोळते. ती पाय काढून घेत नाही, पण मोठ्यानं वाचतही नाही. कानात मोबाईलची बोंडं घालून तेच व्हिडिओ पुन्हा बघते. तिनं मला माफ केलंय का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तिच्यावर तेवढं आणखी ओझं कशाला?

सही केली नाही म्हणून आम्ही जिंकलो, असं मी कुणाला सांगत नाही. सत्र गेलं ते गेलं. माझ्यामुळं गेलं. हे मी झाकणार नाही.

शीतलनं अर्ज लिहून दिलाय. खाली माझी सही आहे, चौथीत शिकले तशी, सुटी सुटी अक्षरं. परीक्षेचं पूर्ण रेकॉर्डिंग माणसानं बसून ऐकावं आणि ज्या समितीनं तिला चोर लिहिलं तिनंच ती चोर नाही असं लिहून द्यावं, एवढंच त्यात आहे. नगरमध्ये विद्यापीठाचं केंद्र आहे. दोनदा जाऊन आले. शिपाई म्हणाला, “आजी, सगळं ऑनलाइन असतं, इथं कुणी भेटत नाही.” मी त्याला सांगितलं, भेटेपर्यंत येणार. तिला कामावरून सुटी नाही, मला रोजच सुटी आहे. सोमवारी पुन्हा जाणार. केंद्राचा साहेब नसेल तर मंगळवारी. पायरीवरून उठवलं तर फाटकाशी बसेन. अर्ज टपालात टाका म्हणाले तर टाकणार नाही. साहेबाच्या हातात देणार, आणि तो वाचेपर्यंत समोर उभी राहणार.