झुलीवरचं धुकं

माझ्या मित्राचे डोळे चांगले होते. हे साधं वाक्य मला इतक्या वर्षांत कुणासमोर म्हणता आलं नाही, म्हणून ते आधी लिहून टाकतो. पण डोळ्यांची गोष्ट सांगायची तर त्या बोटभर उंचीच्या शिपायांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांनी मला जेवढा वैताग दिला तेवढा उभ्या सरकारी नोकरीनंही दिला नव्हता.

मित्र आणि मी एकाच कचेरीत नकाशे काढायचो. तो जुन्या शहरातला, मी मुकुंदवाडीचा. मी त्याला भाई म्हणायचो. तो मला सायेब म्हणायचा, कारण मला त्याच्याआधी बढती मिळाली होती आणि ते तो मला जन्मात विसरू देणार नव्हता. डबा खाताना आमचे वाद दौलताबादच्या किल्ल्यावरून चालायचे. बहमनी फौज वर चढायची कशी, घोड्यांना पाणी कुठं पाजायचे, असले. निवृत्तीनंतर परदेशातल्या माझ्या मुलानं पंधराव्या शतकातल्या युरोपी सैनिकांचे डबे आणून दिले. प्लास्टिकचे हात, पाय, मुंडकी सगळं सुटं. ते जोडायचं, रंगवायचं आणि मग टेबलावर दोन फौजा मांडून, फासे टाकत, टेपनं अंतर मोजत लढाई खेळायची.

भाईनं डबा उघडून आत पाहिलं. "ये फिरंगी किसकू होना, सायेब? आपन बहमनी बनाएंगे."

बहमनी शिपाई कुठं विकतच मिळत नव्हते. मग आम्ही फिरंग्यांचीच मुंडकी कापली आणि नळाची गळती बुजवायला लावतात त्या पुट्टीच्या पगड्या वळायला बसलो. आपल्या मे महिन्यात ती पुट्टी हातातच दगड व्हायची. एक पगडी जमायची, चार वाया जायच्या. माझी पहिली तुकडी वाळत ठेवली होती तेव्हा आमच्या हिनं चष्मा लावून ती पाहिली आणि विचारलं, "हे सैनिक आहेत का डोक्यावर भजी घेऊन निघालेले आचारी?" भाई इतका हसला की त्याच्या हातातला घोडा खाली पडून त्याचा पाय मोडला.

रंगाचं तर विचारूच नका. पंखा लावला तर रंग ब्रशवरच वाळायचा. बंद केला तर कपाळावरचा घाम शिपायावर पडायचा. रंगाआधी मारतात तो अस्तराचा फवारा गच्चीवर मारला तर तो उन्हात हवेतच सुकून जायचा आणि शिपायांच्या अंगावर वाळूसारखा खरखरीत बसायचा. मी पायदळ करत होतो आणि सारखा चिडत होतो. भाई घोडदळ करत होता आणि कधीच चिडत नव्हता. याचाही मला राग यायचा.

त्याच्या आईच्या माहेरी हिमरू विणायचे. त्या शालींवरच्या बुट्ट्या त्याच्या डोक्यात पक्क्या होत्या आणि प्रत्येक घोड्याच्या झुलीवर त्याला त्या तशाच हव्या होत्या. झूल माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. मध्येच त्याला मोतीबिंदू झाला आणि काम थांबलं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा माझ्याकडं आला तो स्कूटर लावून सरळ रंगांच्या बाटल्यांपाशी गेला. निळी बाटली उजेडात धरून म्हणाला, "सायेब, इतने साल मैं इसकू हरा समझ रहा था. बोलना नक्को किसीकू." आणि जुन्या सगळ्या झुली खरवडून त्यानं पुन्हा रंगवायला घेतल्या. मी कपाळाला हात लावला. माझं पायदळ केव्हाच तयार होतं.

दोन वर्षं तरी गेली असतील. घोडदळ झालं आणि खरं सांगतो, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. दर रविवारी तो मिठाईच्या खोक्यात घोडे घालून स्कूटरवर यायचा. शेवटी ते माझ्या काचेच्या कपाटात ठेवले. राहिला होता फक्त वॉर्निशचा फवारा. हाताळताना रंग जाऊ नये म्हणून वरून मारतात तो. त्याचा डबा माझ्याकडं होता.

भाईनं बजावलं होतं, "बारिश जाने दो. हवेत पाणी आहे."

पण माझा मुलगा सुट्टीवर येणार होता आणि तो असताना मला लढाई खेळायची होती. इतकं सोसल्यावर निदान एकदा तरी ती टेबलावर बघायची होती. झड लागलेली असताना, दार बंद करून, मी सगळ्या घोडदळावर एकदम फवारा मारला. वाळल्यावर पाहतो तर काय, सगळ्या घोड्यांवर पांढुरकं धुकं. जणू कुणी भस्म फासलंय. पुसलं, निघेना. ओल्या फडक्यानं घासलं, निघेना. निळा, तांबडा, सोनेरी, सगळे रंग त्या धुक्याखाली मेलेले. मी घोडे कपाटात ठेवले आणि काच लावली.

रविवारी भाई आला. काचेसमोर उभा राहिला. चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. परत पाहिलं. मग एक घोडा हातात घेऊन खिडकीशी गेला.

"सायेब, तुमकू साफ दिखता क्या ये?"

मला फक्त 'माझ्याकडनं बिघडलं' एवढं म्हणायचं होतं. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि चहा मागितला असता.

मी म्हणालो, "व्हय, साफ तर दिसतंय."

घोडा जागेवर ठेवताना त्याचा हात काचेला लागला.

डॉक्टरनं त्याला सांगितलं, डोळे उत्तम आहेत. भाईचा विश्वास बसला नाही. "डॉक्टर दिल रखने कू बोलता," म्हणाला. मुलाच्या सुट्टीत लढाई झाली. भाईनं घोडे कसेही पुढं ढकलले आणि हरला. माझा मुलगा घोड्यांकडं बघून काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात मी त्याला चहा सांगायला आत पाठवलं.

पेन्शनरांच्या कट्ट्यावर कुणी विचारलं, भाई आता रंगवत नाही का, तर मी म्हणायचो, "त्याचे डोळे गेले हो." कुणीतरी ते त्याच्या थोरल्या मुलाच्या कानावर घातलं. मुलाचं घराच्या खालीच कापडाचं दुकान. त्यानं बापाच्या स्कूटरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवली. जुन्या शहरातून मुकुंदवाडीला दोन रिक्षा बदलून यायचं म्हणजे कटकट. रविवार बंद झाले. फोनवर विचारलं तर म्हणायचा, "अंधे कू काय कू बुलाते, सायेब?" आणि हसायचा. ते हसणं ऐकून मी फोन लवकर ठेवायचो.

बरीच वर्षं गेली. या हिवाळ्यात, डोक्याला खोबरेल तेल लावून झाल्यावर, हात न धुता मी कपाटावरची धूळ झटकत होतो. एक घोडा आडवा झाला म्हणून उचलून सरळ केला. माझ्या अंगठ्याखाली निळा रंग उगवला. अंगठ्याएवढाच. बाकी झूल तशीच भुरी आणि मध्ये ती निळी बुट्टी, काल काढल्यासारखी. मी बशीत तेल घेतलं, ब्रश बुडवला आणि अख्खा घोडा मोकळा केला. इतका सोपा उपाय होता. माझ्याच न्हाणीत फळीवर होता. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी बशी मोरीत आदळली.

दुसऱ्या दिवशी घोडा रुमालात गुंडाळून मी भाईच्या घरी गेलो. तो वरच्या खोलीत खाटेवर बसला होता. घोडा त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, भराभरा, नाहीतर परत राहून गेलं असतं.

तो घोडा फिरवून फिरवून बघत होता. "मतलब आँख अच्छी थी."

"व्हय."

"तुमकू मालूम था."

"व्हय, भाई."

"और स्कूटर?"

मी रिकाम्या रुमालाची घडी घालू लागलो.

"मेरेकू काय कू बोल रहे फिर? नीचे जाओ. पोरगा दुकानात बसलाय, त्याला सांगा. किल्ली त्याच्या खिशात हाय."

मी जिना उतरलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलगा कापडाचा तागा गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "चाचा, स्कूटर तर कवाच विकली. आणि आता असती तरी या वयात मी त्यांना चालवू दिली असती का? तेव्हा बोलायचं ना." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

जिना चढताना मी दोनदा थांबलो. वर जाऊन सांगितलं की स्कूटर विकली. भाईनं मान हलवली. त्याला ते माहीतच असणार. तो खिडकीपाशी सरकला होता आणि घोडा डोळ्यांजवळ धरून बघत होता. चष्मा खाटेवर पडला होता.

"सायेब, इधर एक बुट्टी छूट गई है. दुमचीके पास, पूँछ के नीचे. तुमकू दिखती?"

मला दिसत नव्हती. मी वाकलो, चष्मा वर केला, खाली केला, तरी दिसेना. तसं सांगितलं.

"साफ दिखती," तो म्हणाला, माझ्याच आवाजाची नक्कल करत. मग घोडा उशीशी ठेवला. "हात हिलता अब मेरा. ये बुट्टी नहीं होने की. बाकी के घोडे लाओ, तेल लगाके. और वो कट्टे पे जाके बोलो, जिसकू जिसकू बोले थे."

कट्ट्यावरचे आता दोघं-तिघंच उरलेत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही. बाकीचे मी खोटं सांगितलेलं तसंच घेऊन गेले. उरलेल्यांना मी सांगून आलो. ज्यांना सांगता येणार नाही त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं. भाईचे डोळे चांगले होते. अजून आहेत. बिघडवलं ते मी, भर झडीत, घाई करून.

उरलेल्या घोड्यांना तेल लावणं चालू आहे. बुट्ट्यांच्या खाचांतून ते नीट पसरत नाही, फार लावलं तर ओघळतं, आणि माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा बदललाय.