गोदामात नवं गाठोडं आलं की

माझी शाळा तिसरीत सुटली, पण म्हणून मला काही कळत नाही असं कुणी समजू नये. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. नुसत्या आवाजावरनं मी सांगायचो, कुठल्या मागाचं काय दुखतंय ते. यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. वाटली ती अलीकडं, एका शुक्रवारी, आणि तीही अशा यंत्राची की ज्याला आवाजच नाही.

आमच्या मागच्या खोलीत सून कॉम्प्युटरवर काम करते. कंपनी पुण्याची. मुलगाही पुण्यातच नोकरीला आहे, तिथं एक खोली घेऊन राहतो. शनिवारी येतो, रविवारी परत जातो. घरात मी, सून आणि दुसरीतली नात. माझी मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सारखा म्हणायचा, "अण्णा, सगळेच पुण्याला चला." मी म्हणायचो, "मी न्हाय यायचा. तुमी जावा की, तुमाला कोण अडवतंय?" असं म्हणायचो खरं, पण कान स्वयंपाकघराकडं असायचा. तिथनं सून म्हणायची, "मामांना एकटं टाकून कसं जायचं?" एवढं ऐकलं की मी निवांत पेपर उघडायचो.

पण दिवाळीनंतर गोष्ट तिच्या हातात राहिली नाही.

तिचं काम तिनं मला एकदा जेवताना समजावलं होतं. तिकडं कंपनीत पुष्कळ पोरं बसून एकाच मोठ्या कामाचे तुकडे लिहितात. ते सगळे तुकडे एकत्र बांधले की एक गाठोडं होतं. ती त्याला बिल्ड म्हणते, मी गाठोडंच म्हणतो. ते गाठोडं एका गोदामात जाऊन पडतं. गोदाम भिंतीचं नव्हे, कॉम्प्युटरातलंच. नवं गाठोडं आलं की त्याची तपासणी सुरू करायची, चुका निघतात का बघायचं, हे काम हिचं. म्हणजे दिवसभर गोदामाच्या दारावर डोळा ठेवून बसायचं. आणि आमच्या गल्लीत कधी नेट जायचं, कधी लाईट. दोन-तीनदा असं झालं की गाठोडं येऊन पडलं आणि हिला पत्ताच नाही. तपासणी उशिरा सुरू झाली. साहेब चिडला. म्हणाला, सोलापुरात बसून हे व्हायचं नाही, ऑफिसात या.

सुनेनं त्याच्याकडं एक संधी मागितली. म्हणाली, नवं गाठोडं आलेलं आपोआप ओळखलं जाईल आणि तपासणी आपोआप सुरू होईल अशी सोय मी करते, माणसाचा हातच लागायला नको. साहेब म्हणाला, करून दाखवा. शुक्रवारी मोठं गाठोडं येणार आहे. त्या दिवशी तुम्ही कशाला हात लावायचा नाही. आपोआप सुरू झालं तर राहा सोलापुरात. नाही झालं तर पुढच्या महिन्यापासून पुणे.

मग ती त्या कामाला अशी भिडली की जेवायला हाका माराव्या लागायच्या. मी वरवर काही दाखवत नव्हतो, पण एकदा राहवलं नाही.

"गोदामात जुनी गाठोडी बी असत्याल की. नवं कंचं ते त्याला कसं कळतं?"

"प्रत्येकावर नंबर असतो, मामा. शेवटचा बघितलेला नंबर ते लक्षात ठेवतं. थोड्या थोड्या वेळानं गोदामात डोकावतं. त्याच्या पुढचा नंबर दिसला की समजायचं नवं आलं."

"आन् गाठोडं अर्धंच येऊन पडलेलं असलं तर?"

"पूर्ण आल्याची खूण असते. ती दिसल्याशिवाय ते हात लावत नाही." ती हसली. "साहेब परवडले. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त विचारता."

"बसवलंस कुटं ते?"

तिच्या हातात घास होता, म्हणून तिनं हनुवटीनंच मागच्या खोलीकडं दाखवलं. "तिथंच तर बसून केलं की सगळं."

मी मनात पक्कं धरलं. मागच्या खोलीतल्या टेबलावरचा तो चपटा कॉम्प्युटर, त्याच्या पोटात बसलंय ते.

शुक्रवारी सकाळी ती अक्कलकोटला निघाली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "आईला पण बघून होईल," ती म्हणाली, "आणि घरात बसले तर हात शिवशिवतील माझे." जाताना चप्पल घालता घालता सांगून गेली, "मामा, तुम्ही काही करायचं नाही हं. आमटी तेवढी गरम करून घ्या."

काही करायचं नाही! माझं घर रिकामं होणार का भरलेलं राहणार याचा निकाल आज लागणार, आणि मी आमटी गरम करू? ती वळणावरनं दिसेनाशी झाली तसा मी खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. कॉम्प्युटर मिटलेला होता. कडेला एक बारका दिवा लागलेला. भिंतीवर नेटची डबी, तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते. म्हटलं, चाललंय. लाईनवर भार नको म्हणून पंखा बंद केला. फ्रीजचा प्लग काढला. पाण्याची मोटार लावलीच नाही.

मग समोरच्या घरातले माग सुरू झाले. समोर एक तेलुगू विणकर राहतो, पुढच्या खोलीत त्याचे दोन माग आहेत. त्याचे माग एकदम सुरू झाले की आमचा बल्ब मान टाकतो. मी उठून त्याच्या दारात गेलो.

"काय वो मामा, सकाळ सकाळ?"

"आजच्या दिवस माग बंद ठेवतोस का?"

"का वो? कोण गेलं?"

"कोण गेलं न्हाय. आमच्यात कॉम्प्युटर चालू हाय."

"मग? आवाजानं झोप लागंना का त्याला?" तो हसायला लागला. आतनं त्याची बायकोही हसली. "तुमी जॉबर होतात तवा कुणी येऊन म्हणलं असतं माग बंद ठेव, तर पान्हा फेकून मारला असतात की नाही, खरं सांगा."

मारलाच असता. मी परत आलो. खरं कारण त्याला सांगायचं जिभेवर आलं होतं, पण आपल्या घरचं मागणं दुसऱ्याच्या दारात मांडायची मला सवय नाही.

दुपारी लाईट गेली.

समोरचा खडखडाट एकदम थांबला. डबीवरचे दिवे विझले. कॉम्प्युटरच्या कडेचा दिवाही गेला. मी उठून उभा राहिलो आणि परत बसलो. सुनेला फोन करावा? तिला कळलं तर ती तिथनं मोबाईलवर काहीतरी करायला जाणार, आणि हात लागला की साहेबाची अट मोडली. न कळवावं, तर इकडं गाठोडं येऊन पडणार आणि बघायला कोणी नाही. मी लाईटच्या ऑफिसला फोन लावला.

"काम चालू आहे," तिथला माणूस म्हणाला.

"येणार कवा?"

"आली की कळंलच की तुम्हाला."

फोन ठेवतोय तोवर तिचाच आला. "मामा, जेवलात का?"

"व्हय."

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय की. काय व्हायलंय?"

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"कसा?" मी म्हटलं. "आलं का गाठोडं?"

"नाही अजून. मी सारखं बघत पण नाही."

मी फोन बंद केला. आता लाज धरून चालणार नव्हतं. परत समोर गेलो. त्याच्याकडं बॅटरी आहे, लाईट गेली तरी घरातले दिवे चालतात.

"आता काय मामा? आता तर माग बंदच हायत." तो दारातच पाय पसरून बसला होता.

"वायर टाक तुझ्या बॅटरीची आमच्याकडं," मी म्हणालो. "आज ते मशिन बंद पडलं तर सून पुण्याला जाती. नात बी."

त्याचं हसू गेलं. आत जाऊन त्यानं वायरचं वेटोळं आणलं, खिडकीतनं गल्लीच्या पलीकडं फेकलं आणि म्हणाला, "धरा." मग स्वतःच येऊन बोर्ड जोडून दिला. डबीवरचा एक दिवा लागला, मग दुसरा. तिसऱ्यानं जीव खाल्ला. शेवटी तोही लागला. कॉम्प्युटरच्या कडेचाही लागला.

"आता उघडून बघा तरी, काय चाललंय आत."

"उघडायचं न्हाय. हात लावायचा न्हाय म्हणलाय साहेब."

"साहेब पुण्यात हाय वो. त्याला काय दिसतंय?"

"मला दिसतंय की."

त्यानं कपाळावर हात मारला. मग वाकून कॉम्प्युटरला कान लावला. "काय ऐकू येईना."

मला तीच तर काळजी होती. माग बंद पडला तर सगळ्या गल्लीला कळतं. हे बंद पडलं तर कुणाला कळणार? नवं आलं नाही म्हणून ते गप्प आहे, का मेलंय म्हणून गप्प आहे, कसं ओळखायचं? तो गेला आणि मी त्या दिव्याकडं बघत बसलो. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

शाळेच्या रिक्षातनं नात आली. "आबा, पंखा लावा की."

"न्हाय."

"टीव्ही?"

"न्हाय."

"मग मी काय करू?"

"बस माझ्याजवळ."

ती फरशीवर बसून चित्र काढायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "पप्पा म्हणाले, आपण पुण्याला जाणार. तिथं मी रोज पप्पांच्याबरोबर जेवणार." तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला नीट ऐकू आला. मी म्हटलं, "बघू की," आणि परत दिव्याकडं बघायला लागलो.

दिवस कलायच्या आत सून आली. गल्लीतच थांबली असणार, कारण आत आली ती विचारतच. "मामा, ही वायर कसली?"

"लाईट गेली हुती. तुझं ते बंद पडाय नको म्हणून."

तिनं खोलीत बघितलं. बंद पंखा, खुर्ची, बोर्ड, मी. "मामा, कॉम्प्युटर मी सकाळीच बंद करून गेले होते."

"दिवा लागला हुता की!"

"तो चार्जिंगचा."

"आन् तू बसवलंयस ते?"

"ते इथं कुठं आहे? ते कंपनीच्या मशिनवर, तिकडं लांब. इथं बसून मी नुसतं लिहिलं." तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. एक हिरवी ओळ होती. "दुपारीच आलं गाठोडं. ओळखलं, तपासणी सुरू केली, संपली पण. तुम्ही जेवलो म्हणालात ना, त्यानंतर लगेच."

"तवा लाईट नव्हती आपल्याकडं."

"नव्हती ना? तेच तर!" ती माझ्याच खुर्चीत बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसायला लागली. मग स्वयंपाकघरातनं ओरडली, "फ्रीज का बंद आहे? दूध नासलं की सगळं!"

"मला आधी नीट सांगायला काय झालं हुतं?" मीही आवाज चढवला. पडतं घ्यायचा माझा स्वभाव नाही.

"काही करू नका म्हणून सांगितलं होतं की मामा!"

साहेबाचा फोन आला तेव्हा ती आत जाऊन बोलली. बाहेर आली तेव्हा मी दारातच उभा होतो. "म्हणाले, आता तुम्ही कुठं बसता याला काही अर्थच नाही. राहा सोलापुरात."

"कायमचं?"

"आत्ता तरी. पुढची दोन-चार गाठोडी अशीच नीट गेली पाहिजेत."

म्हणजे दर गाठोड्याला परत हेच. आणि दिवसभर मनात नव्हता तो विचार आता आला. ती पीठ मळत होती. मी म्हणालो, "माणसाचा हात लागाय नको असं केलंस. मग उद्या साहेब म्हणला, तूबी नको, तर?"

तिचा हात थांबला. "नवं आलंय एवढंच त्याला कळतं, मामा. तपासणीत जे लाल निघतं ते का निघालं, ते शोधायला माणूस लागतं." परत मळायला लागली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्ता तरी."

मग मुलाचा फोन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं, वायर, फ्रीज, शेजाऱ्यानं लावलेला कान. नात मध्येच ओरडली, "पप्पा, आपण नाही येणार!" फोन मोठ्यानं बोलायचा लावला होता. पलीकडनं हसण्याचा आवाज आला नाही. तो म्हणाला, "बरं झालं की." मग म्हणाला, "उद्या येतोच आहे मी." दिवसभर मी एकदाही त्याचा विचार केला नव्हता. मला वाटलं होतं पुण्यात नुसता साहेबच बसलाय.

मी फोन हातात घेतला. त्याच्या पुण्याच्या खोलीबद्दल मी आजवर एक शब्द विचारला नव्हता.

"काय रं, तुज्या खोलीला खिडकी हाय का?"

"आहे की, अण्णा. का?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "कुणीकडं तोंड हाय तिचं?"