पाहुणीचं नाव

मतदार यादीचं काम आलं की आमच्या शाळेला आपोआप सुट्टी मिळायची. शिकवणं सोडून शिक्षकानं काहीही केलेलं सरकारला चालायचं. त्या वर्षी सोनगीरजवळच्या एका खेड्यात मी घरोघर फिरत होते. नवऱ्याचं नाव विचारलं की बाया पदर तोंडाला लावायच्या आणि शेजारीण ते सांगायची. त्याची मला सवय झाली होती.

एका घरी मात्र माझं डोकं फिरलं. घरधन्यानं स्वतःचं, बायकोचं आणि आईचं नाव सांगितलं. समोर गोठ्यात त्याची बहीण शेण काढत होती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती माहेरीच होती. तिचं काय, विचारलं, तर म्हणाला, ते सासरचे लावतील. सासरच्या गावचे मास्तर माझ्या ओळखीचे होते. त्यांना विचारलं, तर तिथं तिच्या जागी दुसरी बायको लिहिलेली. धडधाकट बाई, आणि दोन्ही गावांत नाही! मला संताप आला. मी तिचं नाव लिहून टाकलं.

तलाठ्यानं कच्ची यादी चावडीवर वाचली. तिचं नाव येताच भाऊ उठला. "भाऊसाहेब, ती पाहुणी शे. नाव काढी टाका."

तलाठ्यानं पेन उचललं. चावडीवर बाया चढत नसत. ती चढली, गोठ्यातून आली होती तशीच.

"पाहुणी शेण काढस का, भाऊ? पाहुणी बठ्ठास्न्या भाकरी थापस का?"

तलाठी खाकरला आणि म्हणाला, "बरं, नवऱ्याचं नाव सांगा."

"नवरानं नको. बापनं लिखा."

तलाठी माझ्याकडे बघू लागला. त्याला एखादी हरकत सुचायच्या आत मीच म्हणाले, "लिहा, भाऊसाहेब. माणूस राहतं तिथं त्याचं नाव, हाच नियम आहे."

त्यानं लिहिलं. मला वाटलं, आता आपली बदली नक्की. झाली असती तरी मी पुन्हा तेच केलं असतं.

निघताना भावानं मला पारापाशी गाठलं. "बाई, तुमनं काय जास? आज नाव लागनं, सकाय ती वावरमा हिस्सा मांगी."

"मागू दे की," मी म्हणाले.

मतदान झालं, आणि त्याच उन्हाळ्यात तिनं मागितला.