तांबड्या रेघेखालचं पाणी

कंपनीच्या मासिकात चिमाजी आबांवर चार ओळी छापून आल्या. ‘तलावाचे निष्ठावान सेवक.’ सोबत फोटो, डोक्यावर कंपनीची टोपी. ते वाचून माझं डोकं असं फिरलं की तो अंक मी कँटीनच्या टेबलावर आपटला. निष्ठावान म्हणे! त्या माणसाच्या हातून काय करवून घेतलंत ते छापा ना. त्यात माझा हात किती होता, तेही छापा. कोण छापतंय! म्हणून मीच सांगते.

मी वर्षाली. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. आकुर्डीहून रोज कंपनीच्या बसनं येते-जाते, चौदा वर्षं झाली. कुठला नट किती, कुठला बेल्ट किती, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर. वर्षभर ज्या वस्तूला कुणी विचारत नाही, तिला आम्ही डेड स्टॉक म्हणतो. डेड स्टॉक म्हणजे जागा अडवणारी अडगळ. भंगारात काढायची, विषय संपला.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं धरण आहे. मातीचा बांध आणि मागे तळं. चिमाजी आबा तिथले पाटकरी, म्हणजे मोरी उघडून शेतांना पाणी सोडणारे. सरकारी नोकरी, एकतीस वर्षं. पाण्यात एक दगडी खांब आहे, त्यावर फुटांच्या खुणा आणि खाली एक तांबडी रेघ. रेघेच्या वरचं पाणी तो जिवंत साठा, तो पिकांना द्यायचा. रेघेखालचं पाणी तो मृतसाठा. सरकारी शब्द, दुसरं काय! नाव मृत, आणि उन्हाळ्यात तळ्यातला सगळा जीव त्याच पाण्यात तग धरून असतो. मरळ, वाम, कासवं, आणि त्यांच्या आशेनं काठावर बसलेले बगळे, ढोकऱ्या, खंड्या.

“रेघंखालचं पानी आपलं न्हाई,” आबा म्हणायचे. “मानूस तहानंनं मराया लागला तर गोष्ट येगळी.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो. एका दुष्काळात गावातल्या लोकांनी कांदा वाचवायला त्यांना घेरलं, तळाची मोरी उघड म्हणून. ती मोरी फक्त भर पावसात, गाळ धुऊन काढायला उघडायची असते. तिची चावी म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा, तो आबांनी उराशी धरून ठेवला. लोकांनी त्यांच्या थोबाडीत मारल्या, त्यांची सायकल तळ्यात फेकली. आबांनी घरी बायकोला, कस्तुरामावशींना, सांगितलं, घसरून पडलो. मावशींना खरं काय ते बाजारात कळलं.

पुढे कारखाने आले, शेतं गेली, पाणी मागणारंच कुणी उरलं नाही. मग आमच्या कंपनीनं तळं दत्तक घेतलं. मासे आणि पक्ष्यांसाठी राखायचं, असा मोठा बोर्ड लागला. आबा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनाच बबनराव ठेकेदाराच्या हाताखाली परत ठेवलं. बोर्ड नवा, काम तेच, पाणी राखायचं.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला आबा स्टोअरच्या खिडकीशी यायचे. “काय स्टोअरबाई, जिवंत हाईस का?” अशी सुरुवात. हातात वहीचं फाडलेलं पान आणि खिशात माझ्यासाठी चिंचा नाहीतर करवंदं. पानावर पाण्याची नोंद. ती मी कंपनीच्या तक्त्यात भरायची. एरवी त्यात फक्त पातळीचा रकाना असायचा, तो भरायचा की झालं.

यंदा ऑडिटसाठी नवा तक्ता आला. सगळ्या खात्यांना एकच, तळ्यालाही तोच. एप्रिलची एक तारीख, आबांचं पान समोर: ‘जिवंत साठा निल. मृतसाठा सहा फूट.’ आणि तक्त्यात रकाना होता डेड स्टॉकचा. मी काय केलं असेल? मृत म्हणजे डेड, साठा म्हणजे स्टॉक. दाबले सहा. चौकोन लाल झाला, तो आपोआपच होतो. मी पुढच्या ओळीवर गेले. एवढंच. एवढा वेळ लागला मला.

नेहा मॅडम आमच्या पर्यावरण विभागाच्या प्रमुख. पिंपळे सौदागरला राहतात, स्वतः झाडं लावतात, बाई वाईट नाहीत. पण ऑडिटच्या आधी कुठेही लाल दिसता कामा नये, असं त्यांना वरून सांगितलेलं. त्यांना वाटलं तळाशी सडकं, घाण पाणी साठलंय. त्यांनी ‘डेड स्टॉक’चं मराठी करून बबनरावांना लेखी कळवलं, ‘तलावातील मृतसाठा दोन दिवसांत काढून टाकावा.’ त्या शब्दाचा अर्थ कुणाला तरी विचारावा, असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं?

तो कागद घेऊन आबा खिडकीशी आले. तारीख एक नव्हती, तरी मला नवल वाटलं नाही. मी रॅकमधले बेअरिंग मोजत होते.

“स्टोअरबाई, हे वरनं आलंय. कुनाला पायजे गं पानी?”

“असेल कुणाला तरी, आबा.” मी मान वर केली नाही.

“खालच्या वाडीला दोन म्हैनं टँकर चालू हाय. त्यांना का?”

“असेल हो. ऑडिट आहे, करून टाका ना!”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग “बरं” म्हणाले आणि गेले. चिंचांची पुडी खिडकीत ठेवून गेले, ती मी दुपारी पाहिली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला काम झाल्याचा फोटो काढायला पाठवलं. बांधावर चढले आणि बाई गं! सगळं तळं म्हणजे चिखल. चिखलात मासे तोंडं उघडीत होते. आणि वर पक्षी, किती पक्षी! शेकड्यांनी बगळे, करकोचे, घारी, नुसती झुंबड. मधोमध आबांची ती जुनी सायकल, गंजून लाल झालेली, एक चाक वर. आबा आणि कस्तुरामावशी मांडीभर चिखलात उभे राहून बादल्यांनी मरळ उचलत होते आणि बांधाखालच्या विहिरीत नेऊन सोडत होते. मोठे मोठे मासे, मावशींच्या हातातून निसटून परत चिखलात पडत होते. मी हाक मारली. आबांनी वर पाहिलं नाही.

मी फोटो काढला. हो, काढला. नोकरी आहे ना!

मॅडमनी तो पाहिला आणि हरखल्या. “अगं, केवढे पक्षी आलेत!” ऑडिटवालेही खूश. तळ्याचा चौकोन हिरवा झाला. तोच फोटो मोठा करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावलाय. आठवड्यात पक्ष्यांनी चिखल पुसून खाल्ला आणि उडून गेले. मग वास सुटला. तेव्हा पेंटशॉपवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा मॅडमनी चौकशी केली, तेव्हा मला तक्ता उघडून दाखवावा लागला. तिथे, त्या चौकोनापाशी, मला समजलं. मॅडमनी तक्ता बंद केला. मग म्हणाल्या, “हे आता बाहेर नको जायला.” पुढच्याच महिन्यात मासिकात निष्ठावान सेवक!

मी आबांकडे गेले. रविवार होता, घरी खोटं सांगून गेले. ते बांधावर बसले होते. मी सगळं सांगितलं. डेड स्टॉक काय, मृतसाठा काय, लाल चौकोन काय. माफी मागितली. रडले, तेही सांगते. मला वाटलं होतं, चिडतील, शिव्या देतील, मग मला जरा हलकं वाटेल.

आबांनी हळू विचारलं, “म्हंजे वाडीला न्हाई गेलं पानी?”

“नाही आबा. ओढ्यानं हायवेखालून गेलं. पलीकडे ट्रक उभे असतात, त्या मैदानात पसरलं आणि जिरलं.”

“कुनीच न्हाई प्यालं?”

“कुणीच नाही.”

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. तांबडी रेघ आता वर, उघड्या खांबावर, कुठूनही दिसत होती.

“कस्तुराला मी सांगितलंय, वाडीची लेकरं पित्यात,” आबा म्हणाले. “म्हनून ती रडायची थांबलीया. तिला न्हाई सांगायचं आता. तू पन सांगू नगंस.”

मग खिशातून पान काढून माझ्या हातात दिलं. त्या दिवशी एक तारीख होती, माझ्या लक्षातही नव्हतं. वर त्यांचं तेच ठसठशीत अक्षर: ‘जिवंत साठा निल. मृतसाठा निल.’

“भर तुझ्या तक्त्यात,” ते म्हणाले. स्टोअरबाई म्हणाले नाहीत.