हौसाचा रुमाल

कोल्हारहून सकाळच्या एस.टी.ने हौसाचा भाऊ आला. शेजारी तिच्या सासरी निरोप सांगून तो आमच्या ओट्यावर येऊन टेकला. पाण्याचा तांब्या पुढे केला तर हात लावेना. "अक्का गेली, वैनी. पोरगी हाय…" बाळंतपणात रक्त थांबलं नाही, एवढंच त्याला सांगता आलं. शेजारी तिच्या सासूने टाहो फोडला, आणि माझी नजर मात्र त्या तांब्यावरच्या रुमालावर खिळून राहिली. तो हौसाने विणलेला होता.

यजमानांची बदली देवळाली प्रवऱ्याला झाली तेव्हा माझी पहिली ओळख तिच्याशीच झाली. उसाच्या रानातून आली की हातपाय धुऊन माझ्या खिडकीशी बसायची. माझा क्रोशाचा गोल रुमाल तिच्या मनात भरला होता. मी शिकवायला तशी खाष्टच. आधी साखळीचं कडं, कड्यात खांब, म्हणजे उभे टाके, भरायचे, पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, मग एकाआड एक दोन. खांब जास्त वाढवले की कडेला झालर येते, वाढवायचे राहिले की काम आत वळून वाटी होते. हौसाचा पहिला रुमाल घागऱ्यासारखा झाला, तेव्हा तिला हसू आवरेना. पण हाताला लवकर वळण लागलं. पाटावर ठेवला तर कुठे उचलायचा नाही, असा सपाट रुमाल ती विणू लागली. मला मनातून फार अभिमान वाटायचा.

मग ती पुन्हा गरोदर राहिली. आदल्या खेपेला तिने हौसेने टोपडं शिवून ठेवलं होतं आणि मूल पोटातच गेलं होतं. तेव्हापासून सासूने बजावलं होतं, मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी एक टाका घालायचा नाही. हौसा ते निमूट पाळत होती. अशात एक दिवस तिच्या हातात पिवळ्या लोकरीचं काम दिसलं. काय गं हे, म्हटलं, तर म्हणाली, रुमाल. मी बघितलं तर पार वाटी झालेली. एवढं शिकवलेलं कुठे गेलं, असं म्हणत मी उसवायला धागा ओढला, तर तिने माझा हात घट्ट धरला.

"उसवू नका वैनी," ती हळूच म्हणाली. "रुमालच हाय त्यो. जरा चुकलाय… चुकू द्या."

मी धागा सोडून दिला. त्यानंतर ती रोज माझ्या खिडकीशी बसून तो रुमाल चुकवत राहिली आणि मी समोर बसून काही न दिसल्यासारखं करत राहिले. माहेरी निघाली तेव्हा काम अर्धंच होतं. सुईसकट पिशवीत घालून घेऊन गेली.

गेल्या आठवड्यात तिची सासू नातीला घेऊन आमच्याकडे आली. पोरीचं डोकं उघडंच होतं. म्हातारीने ओच्यातून ती पिवळी वाटी काढली. सुई अजून टाक्यातच होती… हौसाने जिथे थांबवली होती तिथेच. मला रडू आवरेना.

"पुरा करून द्या," म्हातारी म्हणाली. "मला सम्दं दिसत हुतं, बाई. म्हनलं, करू दे. बोलले असते तर तिनं सोडलं असतं."

मी तिथेच विणायला बसले. इतक्या वर्षांची सवय, हात सारखा खांब वाढवायला जायचा. प्रत्येक वेळी सुई मागे घेत होते. दोन बंद लावून दिले. पोरीच्या डोक्यावर ते अगदी नेमकं बसलं.

काल ओट्यावरून त्या घरातला आवाज ऐकू आला. म्हातारी सुनेच्या दुखवट्याला आलेल्या कुणा पाहुणीला सांगत होती, "वारं सुटलंय, पोरीचा रुमाल आना."